पहिली आवृत्ती ओळखावी कशी?

प्रश्न : जी. ए. कुलकर्णी यांच्या कथासंग्रहांच्या जुन्या आवृत्त्या मी दोन वर्षांपासून जमवीत आहे. ठाणे स्थानकाजवळच्या एका रद्दीच्या दुकानात 'काजळमाया'ची प्रत मिळाली. आत 'पहिली आवृत्ती : १९७२' असे छापलेले असूनही एका स्नेह्यांच्या मते ते पुनर्मुद्रण आहे. माझ्याकडील 'रक्तचंदन'च्या प्रतीला तर मूळ मुखपृष्ठच नाही. ग्रंथालयाची रेक्झिनची बांधणी आणि शिक्के आहेत. ती ठेवावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे खरे असू शकेल, मात्र ते ताडून पाहणे आपल्याच हाती आहे. पुस्तक कितीही वेळा छापले गेले तरी 'पहिली आवृत्ती' ही ओळ मराठी प्रकाशक बहुधा तशीच ठेवतात आणि तिच्याखाली पुनर्मुद्रणांची साले वाढवीत जातात. म्हणून शीर्षकपृष्ठामागच्या त्या पानावर वरची नव्हे, तर सर्वांत खालची ओळ आधी वाचावी. मी स्वतः एकदा वरच्या ओळीवर भुलून 'पारवा'ची प्रत घेतली आणि घरी आल्यावर प्रकाशकाच्या पत्त्यातील पिनकोडाने माझी फजिती केली. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तेव्हा 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) आणि 'रक्तचंदन' (१९६६) यांच्या पहिल्या आवृत्तीत तो असूच शकत नाही. 'काजळमाया' नेमकी सीमेवरची असल्याने तिच्यापुरता हा पुरावा दुबळा ठरतो. तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिसला, तर मात्र ती प्रत गेल्या वीसेक वर्षांतली समजावी. याशिवाय पानाच्या मागच्या बाजूवरून हलके बोट फिरवून पाहावे : शिशाचे खिळे (सुटी अक्षरे) जुळवून छापलेल्या पानाला बारीक उठाव लागतो, संगणकावर जुळवलेले पान गुळगुळीत असते.

अनेक जुन्या मराठी पुस्तकांत इसवी सनाशेजारी शकही छापलेला असतो आणि संग्राहक त्याकडे सहसा पाहत नाहीत. दोहोंत ७८ चे अंतर असेल तर पुस्तक गुढीपाडव्यानंतरचे, ७९ असेल तर जानेवारी ते पाडवा या दरम्यानचे. ही कोणाला नसती चिकित्सा वाटेल. पण 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर वाद उद्भवला तो पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरूनच, आणि जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. तेव्हा या पुस्तकाच्या बाबतीत तरी ते पान चिकित्सेने वाचण्यास पुरेसे कारण आहे.

'रक्तचंदन'ची प्रत अवश्य ठेवावी. दुकानदार मुखपृष्ठावरून किंमत ठरवतात आणि अशा प्रती बाजूला टाकतात, ते आपल्या पथ्यावरच पडते. ग्रंथालयाच्या शिक्क्यात दाखल क्रमांकासोबत हाताने लिहिलेली दाखल तारीख पुष्कळदा असते, आणि प्रत त्या तारखेनंतर छापलेली असणे शक्य नाही. बांधणीत मुद्रणाचे पान गहाळ झाले असले तरी हा पुरावा शिल्लक राहतो. माझ्या मते चकचकीत पण संशयास्पद प्रतीपेक्षा अशी प्रत अधिक भरवशाची. दोन गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. बांधणी करताना कडा कापल्या जातात, त्यात मजकुराला धक्का लागलेला नसावा. आणि 'निर्लेखित' (म्हणजे ग्रंथालयाने संग्रहातून काढून टाकलेले) असा शिक्का किंवा शेरा आहे का, हे शोधावे. तो नसेल तर संबंधित ग्रंथालयाकडे आधी चौकशी करावी, कारण कोणीतरी परत न केलेले पुस्तक रद्दीत गेलेले असू शकते आणि तसे असल्यास ते परत करणेच योग्य. ताडून पाहण्यासाठी दुसरी प्रत हवी असेल, तर ठाण्यातच १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तेथील सूचीपासून आरंभ करावा.

प्रश्न : पावसाळ्यात जुन्या पुस्तकांना बुरशी आणि कसर लागते. काय करावे?
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : खाडीकाठच्या हवेत ओल टाळता येत नाही, ती कोंडू देऊ नये. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, पुस्तके दाटीने कोंबू नयेत आणि पाऊस उघडला की दारे काही तास उघडी ठेवावीत. वेखंडाच्या पुरचुंड्या कपाटात ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. बुरशी धरलेले पुस्तक कडक उन्हात टाकू नये, कारण जुना कागद त्याने अधिकच ठिसूळ होतो. ते सावलीत, वाऱ्यावर उभे उघडून ठेवावे आणि पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशाने घराबाहेर झटकावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये : तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, आणि मग तो डाग निघत नाही.