काँक्रीटच्या ओट्याला भेग आणि गणपतीतच संपणारी मुदत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र जुलै २०२५ मध्ये आले आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील एका ठेकेदाराकडून १,३८,००० रुपये देऊन स्वयंपाकघरात काँक्रीटचा ओटा बसवून घेतला. सिंकच्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत भेग गेली असून पाणी खालच्या कपाटात झिरपते, आणि लिंबू-कोकमाचे पांढुरके डाग काही केल्या जात नाहीत. करारात मात्र ‘बारीक भेगा हा काँक्रीटचा गुणधर्म असून त्याबद्दल तक्रार चालणार नाही’ असे कलम आहे. ठेकेदार दिरांच्या ओळखीचा असल्याने घरच्यांनी सबुरीने घेतले, आणि गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा सांगितले की गणपती झाले की माणसे पाठवतो. त्या कलमामुळे आपला हक्क गेला का, असे त्यांनी विचारले आहे. ओटा, फर्शी किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांविषयी निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातूनही अशीच पत्रे येत असतात.

ताई, त्या कलमाची चिंता तुम्ही नंतर करा. तुमच्या कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती भेगेचा पहिला फोटो तुम्ही ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवल्याची तारीख, म्हणजे ४ सप्टेंबर २०२३. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या बाजूने सर्वांत सोयीचा हिशेब धरला तरी ही मुदत सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात संपते. यंदा (२०२५) गणपती २७ ऑगस्टला बसतात आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. ‘गणपती झाले की’ या ठेकेदाराच्या वायद्याचा अर्थ तुमची मुदत उलटून गेल्यावर, एवढाच होतो. त्याने तो जाणूनबुजून दिला असेल किंवा सवयीने दिला असेल, परिणाम एकच आहे.

फोनवरची आश्वासने, पाठवलेले संदेश आणि वकिलाची नोटीस यांनी मुदत थांबते, असा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे आणि त्यापायी चांगल्या तक्रारी वाया जाताना मी पाहतो. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. मुदतीचे बंधन पाळले गेले आहे की नाही हे ग्राहक आयोगाने (म्हणजे ग्राहक न्यायालयाने) तक्रार ऐकण्यापूर्वी स्वतः तपासले पाहिजे, विरुद्ध पक्षाने हरकत घेतली नसली तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो निकाल १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यावरचा असला तरी तरतूद तीच आहे. ‘बदलून देतो’ असा ठेकेदाराचा लेखी संदेश म्हणजे जबाबदारीची कबुली असून मुदत तिथून नव्याने मोजावी, असा युक्तिवाद करता येईल, परंतु तो मान्य होईलच असे मी सांगणार नाही, आणि हातात दिवस असताना अशा युक्तिवादावर विसंबण्याचे कारणही नाही.

ठेकेदाराचा वकील याच्या उलट बाजूने जाईल. तक्रारीचे कारण एप्रिल २०२३ मध्ये, ओटा बसवला त्या दिवशीच घडले आणि मुदत केव्हाच संपली, असे तो म्हणेल. दोष उघड झाल्यावरच तक्रारीचे कारण घडते, हे त्यावरचे उत्तर मला बळकट वाटते. तरीही तक्रारीसोबतच विलंबमाफीचा अर्ज, आवश्यकता नसल्याचे नमूद करून, खबरदारी म्हणून जोडावा. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग कारणे नोंदवून विलंब माफ करू शकतो. हरकत आल्यानंतर धावत जाऊन दिलेल्या अर्जापेक्षा पहिल्या दिवशी दिलेल्या अर्जाकडे अधिक विश्वासाने पाहिले जाते.

तक्रारीपूर्वी नोटीस पाठवणे या कायद्यात सक्तीचे नाही. पाठवायची असेल तर आज पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट पाहू नका. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावरूनही दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आज जुलै संपत आला आहे. शपथपत्र, नोटरी आणि करारनाम्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर यांत दिवस जातात, म्हणून १५ ऑगस्ट ही आपली शेवटची तारीख समजा.

करारातील ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ या ओळीवर हरकत निश्चित येईल. मात्र २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे, आणि येथे तर कामही खानापूर तालुक्यातच झाले आहे. त्यामुळे बेळगावच्या आयोगात तक्रार टिकावी, असे माझे मत आहे. आदेश झाल्यावर सीमेपलीकडच्या माणसाकडून वसुली करणे हा वेगळा आणि कष्टाचा टप्पा असतो, हे मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो.

आता भेगांचे कलम. ते बारीक भेगांपुरते आहे. काँक्रीट सुकताना आकसते आणि पृष्ठभागावर केसाएवढ्या रेषा उमटतात, हे खरे आहे. परंतु सिंकच्या कोपऱ्यातून निघून भिंतीला भिडलेली आणि खाली पाणी सोडणारी भेग ही केसाएवढी रेषा नव्हे. सिंक किंवा शेगडीसाठी कापलेल्या जागेचा कोपरा हा अशा ओट्याचा सर्वांत कमकुवत भाग असतो. तिथे सळई, जाळी किंवा काचतंतू योग्य रीतीने घातले होते का, आणि खालचा आधार पुरेसा होता का, हे पाहावे लागेल. १० फूट लांब, २ फूट रुंद आणि ५० मिलिमीटर जाड ओट्याचे वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. ते कपाटाच्या प्लायवूडवर टाकले असेल तर दोष कुठे आहे हे सांगायला फारसा अभ्यास लागत नाही. काँक्रीटची अपेक्षित मजबुती साधारण २८ दिवसांची धरतात, म्हणून ओतकाम आणि बसवणी यांत किती दिवस गेले, क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओले ठेवणे) कोणी आणि किती दिवस केले, हेही महत्त्वाचे ठरेल. स्थापत्य अभियंत्याचा अहवाल या मुद्द्यांवर, शपथपत्रासह घ्यावा. ‘काम निकृष्ट आहे’ एवढ्या एका वाक्याच्या अहवालाचा उपयोग होत नाही.

डागांबाबत तुमची बाजू तितकी पक्की नाही. लिंबू, चिंच, कोकम यांतले आम्ल सिमेंटमधल्या चुन्याला खातेच, आणि सिलरचा (पाणी व डाग मुरू न देणाऱ्या लेपाचा) थर काही काळाने पुन्हा द्यावाच लागतो. ठेकेदाराने ही माहिती दिली नसेल, तर महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही कायद्याने सेवेतील त्रुटी ठरते. पण त्याने तोंडी सांगितले होते असे म्हटले की वाद साक्षीवर जाईल. डागांची मागणी दुय्यम ठेवा.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. एवढी रक्कम बिलाशिवाय, तीही ४०,००० रुपये रोखीने, काम पूर्ण होण्याआधी देऊन टाकणे ही मोठी चूक होती. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ते तक्रारीत अवश्य लिहावे, पण रोख रकमेचा पुरावा शोधण्याचे ओझे आता तुमच्यावर आले आहे. बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि रक्कम मिळाल्याचा त्याचा एखादा संदेश यांची जोड लावा. व्हॉट्सॲपवरील संभाषण फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका, आणि त्याच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा.

विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकाल शक्यतो व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि घरातल्या माणसांना तोवर त्याच ओट्यावर भाकऱ्या थापाव्या लागतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. म्हणून तक्रारीबरोबरच स्थळपाहणीसाठी तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज द्या. ती पाहणी होईपर्यंत ओटा फोडू नका, भेग सिमेंटने किंवा इपॉक्सीने बुजवू नका, आणि ठेकेदाराची माणसे आलीच तर त्यांना हात लावू देण्यापूर्वी काय करणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. पाहणी झाल्यावर आयोगाची परवानगी घेऊन जुना ओटा काढता येईल. मात्र सिंकच्या कोपऱ्याचा तुकडा, आतली सळई किंवा जाळी दिसेल असा, निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा.