दादर-प्रभादेवीत मुलांसाठी वर्षभर काय काय आहे: जरा लांबलचक उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इचलकरंजीहून प्रभादेवीला राहायला आलात, मुलगा 13 वर्षांचा, मुलगी 8 वर्षांची, सासूबाई सोबत, घर छोटं आणि इमारतीला मोकळी जागा म्हणाल तर फक्त गाड्या लावायची. त्यात मे महिन्यातल्या खासगी शिबिरांच्या फीचे आकडे ऐकून धडकी भरली. ‘मुंबईत मुलांनी खेळायचं तरी कुठे,’ असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच पट्ट्यातलं, मुलंही इथेच वाढली, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बहुतेक पालक मार्चमध्ये शिबिर शोधायला लागतात. शिबिर दहा दिवसांत नाहीतर तीन आठवड्यांत संपतं, आणि जूनमध्ये मूल पुन्हा घरात मोबाइल घेऊन बसतं. तुम्ही जागा शोधा. घरापासून चालत किंवा एका बसने जाता येईल, वर्षभर चालू असेल आणि तुमचा मुलगा काही महिन्यांनी एकटा जाऊन येऊ शकेल अशी. दादर भागात अशा जागा खरोखर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी उन्हाळी शिबिरही असतं. ते शिबिर म्हणजे मुलाला तिथे रमतंय का हे पाहायची संधी समजा.

पोहण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तारखा निघून जातात. शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव आहे, ऑलिंपिक आकाराचा, म्हणजे 50 मीटर लांबीचा. महापालिका आपल्या तलावांवर उन्हाळ्यात 21 दिवसांचे पोहणं शिकवण्याचे वर्ग घेते. नोंदणी ऑनलाइन होते आणि सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा पटकन भरतात. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून महापालिकेचं संकेतस्थळ रोज उघडून पाहायचं. शुल्क बदलत राहतं, ते तिथेच कळेल, पण खासगी क्लबच्या मानाने पुष्कळ कमी असतं. दोन्ही मुलांचे फोटो, ओळखपत्रं आणि डॉक्टरांचा दाखला आधीच काढून ठेवा, नाहीतर ऐन वेळी दवाखान्यात रांग लावावी लागते. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख आणि टोपी लागतेच, सुती बर्म्युडावर पाण्यात उतरू देत नाहीत.

21 दिवसांत मूल पट्टीचं पोहणारं होत नाही. पाण्याची भीती जाते, श्वास जमतो, हातपाय मारत तलावाची रुंदी पार होते. पुढचं सगळं सरावावर असतं, म्हणून शिबिर संपताच सभासदत्वाची चौकशी करा. शाळा सुरू झाल्या की तलावावरची गर्दी ओसरते आणि शिकाऊ मुलांना मोकळं पाणी मिळतं. दादरला जागा नाही मिळाली तर महापालिकेचे तलाव चेंबूर, कांदिवली, दहिसर, अंधेरी, वरळी असे इतरत्रही आहेत. तुम्हाला वरळी जवळ पडेल.

आता मुलीबद्दल. ‘खिडकीच्या गजांवर चढते, दारावर लोंबकळते,’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. ताई, तिला शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात घेऊन जा. 1925 पासूनची संस्था आहे, म्हणजे शिवाजी पार्कच्याच वयाची. मल्लखांब म्हटलं की मुंबईत पहिलं नाव तेच येतं. तिथले उदय देशपांडे सर यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कात झाली.

पण पुरस्कार आणि स्पर्धा सोडा, एका संध्याकाळी नुसतं जाऊन उभ्या राहा. एकीकडे पुरलेल्या लाकडी खांबावर एरंडेल लावलेलं असतं, त्याचा वास लांबूनच येतो. मुलगे उघड्या अंगाने त्यावर अढी घालून वर सरकत असतात. दुसरीकडे वरून सोडलेल्या सुती दोरावर मुली. नवी मुलगी पहिल्यांदा दोर हातांनीच ओढायला जाते आणि दोन हातांत दमते. मग शिकवणाऱ्या ताई येऊन तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोर अडकवून देतात, ‘पायाने धर, हात सोड’ म्हणतात. ती पकड एकदा जमली की आठ वर्षांची पोर बघता बघता वर जाते, आणि खाली उभ्या आईचाच श्वास अडकतो. खाली गाद्या असतात आणि शिकवणाऱ्यांचं लक्ष असतं. सुरुवातीला दोर पायाला घासतो, साल निघते. घरी खोबरेल लावायचं आणि त्या कारणाने रजा द्यायची नाही. याच सरांनी अंध मुलींनाही दोरीचा मल्लखांब शिकवलाय. ते एकदा पाहिलंत की मुलीला कसं काय जमेल ही शंका मनात राहणार नाही.

मे महिन्यात त्यांचंही शिबिर असतं आणि मुलांची झुंबड असते. त्या गर्दीवरून संस्थेचं मोजमाप करू नका. जूनच्या मध्यावर पुन्हा जा. शिबिराची मुलं पांगलेली असतात, उरलेल्यांना नावाने हाक मारली जाते. प्रवेश घ्यायचा तो त्या वेळी.

मुलाला क्रिकेटच हवं असं म्हणताय. शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडवलं, त्यांचं स्मारकही डिसेंबर 2024 पासून मैदानाच्या कडेला आहे. त्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांत तेच स्वप्न असतं. माझं मत थोडं वेगळं आहे. उन्हाळ्यात क्रिकेटच्या वर्गांना इतकी मुलं येतात की काही ठिकाणी मुलगा तासभर नुसता चेंडू अडवत उभा असतो आणि नेटमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा चेंडू येतात. पैसे भरण्याआधी कट्ट्यावर बसून एक पूर्ण वर्ग पाहा. एका मुलाला किती चेंडू खेळायला मिळतात आणि किती टाकायला मिळतात, एवढंच मोजा. तिथले प्रशिक्षक किती वर्षं खेळले, भिंतीवर फोटो कोणाकोणाचे आहेत, यापेक्षा तो आकडा खरं सांगतो. आणि क्रिकेटव्यतिरिक्त एखादा पर्याय मुलासमोर ठेवाच. समोरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजी आणि मुष्टियुद्ध शिकवतात. 13 वर्षांच्या, घुम्या झालेल्या मुलांना नेमबाजी फार मानवते, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. कबड्डीची आवड असेल तर दादर-परळ-लालबागच्या मंडळांत मातीवर आणि मॅटवर दोन्ही सराव चालतात.

उन्हाळ्यातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सुट्टीत छंदवर्ग असतात. चर्नी रोडच्या जवाहर बालभवनात कला-हस्तकलेचे वर्ग स्वस्तात होतात, पण 8 वर्षांच्या मुलीला ऐन उन्हात तिथवर रोज न्यायची तुमची तयारी असेल तरच. हॉलमध्ये पन्नास-साठ मुलं कोंबून एक तास चित्रकला, एक तास नाच, एक तास ‘व्यक्तिमत्त्व विकास’ करणारी शिबिरं मी सुचवणार नाही. मुलं घरी काहीतरी रंगवलेलं आणतात, पण त्यांना ना मित्र मिळतो ना एखाद्या गोष्टीचा नाद लागतो.

पावसाळ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मुंबईत खरी पंचाईत त्या चार महिन्यांची असते. इथला पाऊस इचलकरंजीसारखा नाही, चार-चार दिवस उघडत नाही. तरी मैदान बंद पडत नाही. मुंबईत पावसाळ्यातली कांगा लीग ही क्रिकेटची स्पर्धा 1948 पासून आहे, ओल्या खेळपट्टीवर फलंदाजी शिकायची ती तिथेच, असं जुने खेळाडू सांगतात. एखाद्या रविवारी मुलाला आझाद मैदानात किंवा शिवाजी पार्कात सामना पाहायला न्या, तिकीट नसतं. पोरं चिखलात फुटबॉल खेळतात, खेळू द्या. एवढी काळजी मात्र घ्या: पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही, आणि गेलाच तर लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी लगेच, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, डॉक्टरांकडे न्यायचं. महापालिका दर पावसाळ्यात हे सांगते आणि लोक मनावर घेत नाहीत.

पावसाची उघडीप मिळाली की शीव-धारावीच्या बाजूचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून या. 37 एकरांची ती जागा कधीकाळी कचराभूमी होती, आज तिथे दाट झाडी आहे, पावसाळा सरता सरता फुलपाखरं भरपूर दिसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं.

याच दिवसांत, गुरुपौर्णिमेपासून, गल्लीगल्लीत दहीहंडीचा सराव सुरू होतो. मुलगा तेराचा आहे, त्याला मित्र बोलावणार. 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवता येत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात तसं मान्य केलेलं आहे. कोणी म्हणालं ‘वरचा हलकाच लागतो, काही होत नाही’ तरी ऐकू नका. खाली उभा राहून सराव पाहू दे, मंडळातल्या मुलांशी ओळखी होऊ देत. नवीन ठिकाणी आलेल्या मुलाला तेवढ्यानेही बराच आधार मिळतो.

दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात छान, पण शिवाजी पार्कचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. दसऱ्याचा मेळावा, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांची व्यवस्था, 26 जानेवारी, 1 मेचं संचलन आणि त्याआधीची तालीम, या दिवसांत मैदानाचा मोठा भाग खेळाला मिळत नाही. वर्षातले 45 दिवस असे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना दिलेले आहेत. 6 डिसेंबरच्या आसपास मात्र मुलांना मुद्दाम न्या, तिथे लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच्या रांग पाहण्यासारखी असते. थंडीत लाल माती फार उडते. कोणाला दमा असेल तर संध्याकाळऐवजी पहाटे, पाणी मारल्यावर जा. फेब्रुवारीच्या सुमारास राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन असतं, ते चुकवू नका.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही शेवटी, एका ओळीत केलाय. ‘त्या दिवसभर दाराकडे बघत बसतात.’ ते वाचून मला राहवलं नाही. गावात अंगणात बसलं की चार माणसं बोलतात, इथे दार बंद. त्यांना संध्याकाळी साडेपाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेऊन बसवा. मैदानाभोवतीचा तो कट्टा एक किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि त्यावर प्रत्येक गटाची जागा ठरलेली आहे. पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही, मग शेजारची बाई विचारेल, ‘कुठल्या तुम्ही?’ आणि कोल्हापूरकडचं कोणी ना कोणी निघतंच. उन्हाळ्यात गोखले रोडवर अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला असते. वाचनाची आवड असेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 सालचं. मुलांचंही सभासदत्व तिथेच करून टाका.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ही मैदानं आपोआप राहिलेली नाहीत. शिवाजी पार्क 1925 मध्ये महापालिकेने माहीम पार्क म्हणून खुलं केलं आणि दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने महाराजांचं नाव दिलं गेलं. 2010 मध्ये ते शांतता क्षेत्र ठरलं तेही इथल्या रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली म्हणून. जिथे रोज मुलं खेळतात, म्हातारी माणसं बसतात, ती जागा गिळायला कोणी सहसा धजावत नाही. ओस पडलेल्या मैदानांवर आधी गाड्या उभ्या राहतात, मग मंडप, मग कुंपण. तुमच्यासारखी नवी कुटुंबं तिथे यायला लागली तर मला स्वतःला फार आनंद होईल.

आता या आठवड्यात करायचं काम एवढंच: डॉक्टरांचे दाखले काढा, तलावाच्या नोंदणीवर नजर ठेवा, आणि शनिवारी संध्याकाळी दोन्ही मुलांना घेऊन समर्थच्या दोराजवळ अर्धा तास उभ्या राहा. पैसे त्या दिवशी भरू नका. घरी जाताना मुलगी काय बोलते ते ऐका आणि इथे कळवा. मुलाच्या नेमबाजीचं विचाराल तर चौकशी कधी आणि कशी करायची ते वेगळं लिहीन.