ताट परत जाण्याआधी

प्रिय मुली,

बेळगावात वॉर्डावर रुजू झालीस हे कळलं, फार बरं वाटलं. म्हातारी माणसं दवाखान्यात आजारानं खंगतात, तशीच पोटात काही न गेल्यानंही खंगतात. सलाईन चालू आहे म्हणजे पोट भरलं, असं नातेवाइकांना वाटतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर सलाईनमध्ये जेमतेम 200 कॅलरी, आणि प्रथिनं शून्य! 45 किलोच्या आजीला दिवसाला साधारण 1350 कॅलरी आणि किमान 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारपणात प्रथिनं अजून जास्त.

पहिल्याच दिवशी वजन घे. उभं राहता येत नसेल तर पोटरीला टेप लाव. 31 सेंटिमीटरच्या आत भरली तर डॉक्टरांच्या कानावर घाल. बांगड्या कोपराकडे घसरतात का, तेही बघ. तीन-सहा महिन्यांत आपोआप 50 चे 45 किलो झाले असतील तर धोका मोठा.

"जेवलात का?" एवढं विचारून पुढं जाऊ नकोस. खानापूर, चंदगडकडची म्हातारी माणसं कुणाला त्रास नको म्हणून "जेवलो की" म्हणतात, आणि झाकण काढावं तर भाकरी तशीच! कवळी घरी राहिलेली असते, ताटापर्यंत हात पोचत नसतो, वाढणारीचं कन्नड कळलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच: स्कॅनसाठी सकाळपासून उपाशी ठेवायचं, स्कॅन उद्यावर जायचा, आणि तोवर जेवणाची गाडी निघून गेलेली. अशा वेळी आधी खायला मिळवून दे, फाईल नंतर.

अंडं चालत असेल तर उत्तम. माळकरी आजोबांना आग्रह करू नकोस. दूध, दही, घट्ट वरण, आमटीत कुस्करलेल्या भाकरीवर दाण्याचं बारीक कूट दे. नुसत्या पेजेवर ठेवू नकोस. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. घास गिळताना ठसका लागला तर भरवणं तिथंच थांबव आणि कळव.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला मात्र एकदम पोटभर द्यायचं नाही. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्यानं उतरतं आणि जिवावर बेततं. रक्त तपासून, हळूहळू वाढवायचं.

घरी सोडताना पुन्हा वजन घेऊन कार्डावर लिही. घरात जे रांधतात त्यातलंच काय, किती वेळा द्यायचं, ते सुनेला किंवा लेकाला समोर बसवून मराठीत सांग.

तुझी,
सिस्टर