दुसरी ऑर्डर मोजा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चार महिन्यांपूर्वी तुम्ही घरच्या साफसफाईच्या आणि त्वचेच्या वस्तूंचं डायरेक्ट सेलिंग, म्हणजे दुकानाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विक्री, घरून सुरू केलंत. पहिले दोन महिने झकास गेले, मग नातेवाईक आणि मैत्रिणी फोन टाळायला लागल्या. अपलाइन, म्हणजे तुम्हाला या कामात जोडणारी वरची विक्रेती, म्हणते, या महिन्यात थोडा माल स्वतःच विकत उचल, रँक (विक्रीवर ठरणारी कंपनीतली पायरी) टिकव आणि खाली माणसं जोड. आणि तुम्ही विचारताय की यात वर्षानुवर्षं टिकणारे लोक वेगळं काय करतात. मी हे काम 11 वर्षं करतेय, मधली दीड वर्षं सोडून. ती का सोडली तेही येईल पुढे.

आधी एक सांगते, तुमचं काही बिघडलेलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत झाली ती विक्री नव्हतीच, ती भीड होती. मावशींनी घेतलं कारण विचारणाऱ्या तुम्ही होतात. दुसऱ्या कुणी तीच बाटली पुढे केली असती तर त्यांनी हातही लावला नसता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं आहे, आणि आपल्या धंद्यात पहिले दोन महिने गल्ला तीच भरते. मग ती आटते आणि आपल्याला वाटतं, लोक बदलले.

माझ्या पहिल्या वहीत तीन महिन्यांत चाळीसेक नावं होती. पुन्हा मागवलं नऊ जणींनी. मी कित्येक दिवस बाकीच्या तीसजणींचाच विचार करत बसले, का नाही घेतलं, माझं काही लागलं का त्यांना. त्या नऊ जणींची पानं नीट वाचायला मला वर्ष लागलं. वाचली तेव्हा दिसलं की त्यांतल्या दोघीच नात्यातल्या होत्या. पण नऊच्या नऊ जणींनी वस्तू खरोखर वापरायला काढली होती. कुणाकडे मीच झाकण उघडून दाखवलं होतं, कुणाला दुसऱ्याच कामासाठी फोन केला आणि बोलता बोलता विषय निघाला होता. उरलेल्यांकडे ती कपाटात तशीच पडून होती. जी वस्तू संपतच नाही ती पुन्हा कोण मागवणार?

तेव्हापासून मी एकच आकडा मोजते: दुसरी ऑर्डर. पहिली ऑर्डर तुमच्यासाठी असते, दुसरी मालासाठी. महिन्याची एकूण विक्री किती, रँक कोणती, टीममध्ये किती जण, हे सगळं मागून बघितलं तरी चालतं.

दुसरी ऑर्डर आपोआप येत नाही, पण ती आणायला बोलघेवडेपणा लागतो असंही नाही. मी स्वतः भिडस्त आहे. लागते ती वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. काय घेतलं, कधी घेतलं, घरात माणसं किती, आणि घेताना ती काय म्हणाली. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. "भांडी घासून हात कोरडे पडतात" असं ती म्हणाली असेल तर ते तिच्याच शब्दांत लिहायचं. मग आठ-दहा दिवसांनी फोन: "हातांना काही फरक वाटला का?" एवढंच. त्या फोनवर काही विकायचं नाही, नवीन वस्तू आलीय हेही सांगायचं नाही. दुसरा फोन वस्तू संपत आली असेल तेव्हा. दोघांच्या घरात जी बाटली दीड महिना पुरते ती पाचजणांच्या घरात तीन आठवड्यांत तळाला जाते, म्हणून माणसं लिहून ठेवायची. वेळेवर गेलेला फोन आठवण वाटतो. तोच फोन अवेळी गेला की कटकट वाटतो.

पहिल्या फोनचा खरा उपयोग वेगळाच आहे: लोक वस्तू चुकीची वापरत असतात. माझी एक गिऱ्हाईक फरशी चिकट होते म्हणून वैतागली होती. जाऊन बघितलं तर बादलीला अर्धं झाकण पुरतं तिथे ती तीन झाकणं ओतत होती. मी दाखवलं. अर्थातच तिची एक बाटली कितीतरी जास्त दिवस पुरायला लागली, माझी ऑर्डर घटली, अपलाइनने कपाळाला हात लावला. ती बाई आठ वर्षं माझ्याकडूनच घेतेय आणि तिने पाठवलेल्या चारजणी अजून टिकून आहेत.

आता वस्तूबद्दल. टिकणाऱ्यांनी मुळात वस्तू नीट निवडलेली असते, हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. टपरवेअरचंच बघा. हवाबंद झाकणाचे ते डबे 1946 मध्ये बाजारात आले, पण दुकानात पडून राहायचे, कारण ते झाकण कसं लावायचं हेच लोकांना उमगत नव्हतं. घरी चारजणी जमवून झाकण दाबून हवा कशी काढायची ते दाखवलं की मात्र ते हातोहात खपत. ब्राउनी वाइझ या विक्रेतीने ही पद्धत एवढी वाढवली की 1951 मध्ये कंपनीने दुकानांतली विक्री बंदच केली. 1954 मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री. (1958 मध्ये त्याच कंपनीने तिला काढून टाकलं, तेही सांगितलं पाहिजे, कंपनीच्या सत्कारात स्टेजवरची रोषणाई बघताना मला हे नेहमी आठवतं.) मुद्दा असा की जी वस्तू दाखवल्याशिवाय कळत नाही तिला आपली गरज आहे. जी फळीवर बघून कळते आणि दुकानात स्वस्त मिळते तिला आपली गरज नाही, मग कितीही गोड बोला. तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला विचारून बघा: मी विक्रेती नसते तर या भावात ही घेतली असती का? जिथे मन कचरेल ती वस्तू पुढे करू नका. त्वचेच्या वस्तूंत तर एखादीला "हे तुझ्यासाठी नाही" म्हणायलाही शिका. तुमच्या 'नाही'वर एकदा विश्वास बसला की 'हो'वर बसतो.

एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची सुरुवात तर निव्वळ गिऱ्हाइकाकडे बघण्यातून झाली. डेव्हिड मॅकोनेल दारोदार पुस्तकं विकायचे आणि सोबत अत्तराचा छोटा नमुना भेट द्यायचे. लोकांना पुस्तकापेक्षा अत्तरच हवंय हे त्यांनी ओळखलं आणि 1886 मध्ये अत्तराचाच धंदा सुरू केला. तुमच्या वहीतही कुठलीतरी एक-दोन अशी अत्तरं असतील. कंपनी ज्या वस्तूवर जास्त पॉइंट देते ती नव्हे, लोक स्वतःहून ज्याबद्दल विचारतात ती. माझा बराचसा धंदा तीन वस्तूंवर चालतो आणि कॅटलॉग जाडजूड आहे.

नातेवाइकांच्या बाहेर कसं पडायचं? घरगुती बैठकीतून. चार ते सहाजणी पुरेत, दहा झाल्या की गप्पांचा अड्डा होतो. वस्तू त्यांच्या हातात द्या, तुम्ही वीस मिनिटांच्या वर बोलू नका. आणि निघण्याआधी त्यांच्यातल्या एकीकडून तिच्या घरची तारीख घ्या. ऑर्डर कमी आली तरी चालेल, तारीख मिळाली पाहिजे. तिच्या घरी येणाऱ्या चौघी तुमच्या ओळखीच्या नसतात, तिथे भीड नाही, म्हणून तिथली ऑर्डर खरी. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही की समजा, धंदा सुरू झाला. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो टाकू नका. पहिल्या आठवड्यात लोक अंगठा दाखवतात, दुसऱ्यात ग्रुप म्यूट करतात. एकीला एक मेसेज, तिच्या पानावरच्या नोंदीला धरून.

हिशेब. इथे भले भले बुडतात. समजा 100चा माल विकला आणि मार्जिन 25. त्यातून येणं-जाणं, नमुने, फोन, परत आलेली बाटली वजा करा. हातात 25 राहतच नाहीत. मग तास मोजा. स्वतः वापरलेला माल विक्रीत धरू नका, तो घरखर्च आहे. मी त्यासाठी वहीत वेगळं पान ठेवलंय आणि ते बघून दर वेळी जरा लाज वाटते. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. उधारी द्यायचीच असेल तर एका वेळी एकच, आधीची फिटल्याशिवाय पुढची नाही, मग बहीण का असेना.

आणि माल उचलण्याबद्दल. मी दीड वर्षं काम सोडलं ते यामुळेच. तीन महिने लागोपाठ महिनाअखेरीला रँक हुकत होती थोडक्यासाठी, आणि मी दर वेळी ती फट स्वतःच्या पैशांनी बुजवली. स्टेजवर नाव पुकारलं गेलं, घरी दोन कपाटं भरली. त्यातला अर्धा माल मुदत संपेपर्यंत तसाच होता, उरलेला पडेल भावात काढला. नवरा काही बोलला नाही, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आज माझा नियम आहे की गेल्या महिन्यात जेवढं गिऱ्हाइकांनी उचललं त्याहून जास्त घरात आणायचं नाही. रँक गेली तर गेली.

माणसं जोडण्याचं गणित एकदा कागदावर करून बघा. प्रत्येकाने सहा जोडायचे म्हटलं तर 6, 36, 216 असं वाढत तेराव्या पायरीला 1306 कोटी माणसं लागतात. पृथ्वीवर आहेत सुमारे 800 कोटी. म्हणजे जोडणं हेच उत्पन्न असेल तर तळाशी असलेल्यांना मिळायला काही उरतच नाही. हा वाद नवा नाही. 1979 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) ॲमवे ही डायरेक्ट सेलिंग कंपनी पिरॅमिड योजना, म्हणजे विक्रीऐवजी नुसती माणसं जोडून पैसे मिळवणारी योजना, नाही असा निर्णय दिला तो तिच्या तीन नियमांकडे बघून: घेतलेल्या मालापैकी निदान 70 टक्के विकलेला असावा, महिन्यात निदान 10 वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विक्री झालेली असावी, आणि न खपलेला माल परत घेतला जावा. कमाईचे फुगवून केलेले दावे मात्र त्याच निर्णयात चुकीचे ठरले. 2016 मध्ये हर्बालाइफ या अशाच दुसऱ्या कंपनीने त्याच कमिशनशी 20 कोटी डॉलरची तडजोड केली, तेव्हाही मोबदला प्रत्यक्ष विक्रीशी बांधायला लावला गेला.

हे तीन नियम तुम्ही स्वतःलाच लावा. उचललेल्या मालातला किती खरोखर गेला? या महिन्यात दहा गिऱ्हाइकं दाखवता येतील का? आणि कंपनी माल परत घेते का, किती दिवसांत, किती कापून, हे तोंडी नको, लेखी मागा. उत्तर गुळमुळीत आलं तर कपाट भरायच्या आत कळलं म्हणायचं. टीम करूच नका असं मी म्हणत नाही. माझ्याखाली पाचजणी आहेत, पाचही आधी माझ्या गिऱ्हाईक होत्या आणि त्यांनीच विचारलं. त्यांना मी पहिल्या दिवशी वही दिली, कमाईचा चार्ट नाही.

अपलाइनशी भांडू नका, तिलाही तिचं टार्गेट आहे. "या महिन्यात माल उचलत नाही, बैठका करते" एवढं शांतपणे सांगा. ती रागावेल, पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करेल.

आता एक काम करा. तुमची यादी काढा, नात्यातली आणि जवळच्या मैत्रिणींची नावं बाजूला ठेवा, आणि उरलेल्यांत पुन्हा मागवलेली किती आहेत ते मोजा. तीन आली तरी चांगलं आहे, मग त्या तिघींनी काय घेतलं होतं ते बघून पुढचं ठरवू. शून्य आली तर वस्तूंची यादी इथे टाका, कुठल्या दाखवण्याजोग्या आहेत ते आपण बघू. आणि कुठलीच नसेल तर तेही मी स्पष्ट सांगेन.