दाजी म्हणतात, सगळं खाजगी करा!

प्रश्न: मी जुळे सोलापूरला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, 2008 ला लागलो. माझ्या दाजींचा टॉवेलचा कारखाना आहे. रविवारी जेवायला बसलो की त्यांचं सुरू, निम्मे सरकारी लोक घरी बसवा, पेन्शन बंद करा, टॅक्स आम्ही भरायचा आणि मजा तुम्ही करायची. आणि हेच दाजी यंत्रमागाची वीज सवलत लांबली की सरकार झोपलंय म्हणून बोंब मारतात. तर हे खर्च कमी करा म्हणणारे नेमके कुठल्या पक्षाचे ओ?

उत्तर: मास्तर, पक्ष शोधत बसू नका, त्या वेळी खुर्चीवर कोण बसलंय ते बघा.

पेन्शनचंच घ्या की. 1 नोव्हेंबर 2005 पासून जे लागले त्यांची जुनी पेन्शन गेली, तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. पुढं सत्ता गेल्यावर त्याच लोकांची विरोधी बाकांवरनं जुनी पेन्शन द्या अशी ओरड. इकडं फडणवीसांनी डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात सांगून टाकलं, देणार नाही, 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. महिनाभरात शिक्षक-पदवीधरची इलेक्शन आली तशी भाषा मऊ झाली, तरी नागपूरची शिक्षकांची जागा भाजपच्या हातनं गेलीच. मग मार्च 2023 चा संप, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’, तुम्ही पण असालच त्यात. आणि ऑगस्ट 2024 ला, विधानसभा तोंडावर असताना, केंद्रानं यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम, आणली आणि राज्यानं दुसऱ्याच दिवशी मान्य केली, म्हणजे 25 वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन. आता सांगा, यात तत्त्व कुठं दिसलं तुम्हाला?

कंत्राटी भरतीचं तेच. 6 सप्टेंबर 2023 ला 9 एजन्सींचा जीआर निघाला, पोरं रस्त्यावर आली, 20 ऑक्टोबरला रद्द, आणि रद्द करताना हे आधीच्या सरकारांचं पाप म्हणून मोकळे.

पण जीआर रद्द झाला म्हणून कपात थांबली असं समजू नका. परवा वारस नोंदीसाठी एका ऑफिसात गेलो, नाव नको. चार टेबलं. एकावर पाण्याचा माठ, दुसऱ्यावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, तिसऱ्याच्या खुर्चीला पाठच नाही, आणि चौथ्यावर एक पोरगी एकटीच कीबोर्ड बडवायली. ती पण एजन्सीची. असल्या माणसांचा खर्च पगारात दिसतच नाही, कंत्राटी सेवा म्हणून वेगळ्या हेडखाली जातो. खुर्च्या कुणी कमी केल्या नाहीत ओ, नुसत्या भरल्या नाहीत. कपात कधी जाहीरच झाली नाही, त्यामुळं मतं पण कुणाची गेली नाहीत. माझ्या मात्र तीन चकरा झाल्या, रिक्षाचे पैसे खिशातनं गेले. सरकारनं वाचवले ते हेच पैसे.

तरी दाजींना अगदीच खोटं पाडू नका. राज्याच्या 2025-26 च्या बजेटात महसुली तूट 45 हजार 891 कोटी धरली होती, म्हणजे कुठंतरी हात आखडावा लागणारच. पण कुठं? एकट्या लाडकी बहीणला 36 हजार कोटी, आणि 2024 च्या विधानसभेला एक बाजू 2100 देतो म्हणाली तर दुसरी 3000. काटकसर करतो, मत द्या म्हणत आपल्या दारात तर कुणी आलं नाही बघा.

तेव्हा येत्या रविवारी दाजींना वीज सवलतीचं जरूर विचारा. ताईच्या खात्यावर दर महिन्याला 1500 येतात का, हे मात्र जेवण झाल्यावर. आधी नको, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पानात तशीच राहायची.