व्हीडीआर जनुकात बदल निघाला, म्हणजे मुलाचा ऑटिझम व्हिटॅमिन डीमुळे आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. असाच कागद हातात धरून मी सहा वर्षांपूर्वी रात्र रात्र रडले आहे.

मुलगा चार वर्षांचा होता. जनुक-चाचणीच्या अहवालात व्हीडीआर जनुकापुढे 'फॉक-वन' (त्या जनुकातल्या एका बदलाचं नाव) आणि शेजारी लाल ठिपका. ज्यांनी चाचणी करवली त्यांनी रक्त न तपासताच डीचे मोठे डोस सुरू केले. दोन महिन्यांत पोराची तहान भागेना. रात्री उठून न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावायचा. जेवण तुटलं, शौचाला खडा, उलट्या. बोलता येत नाही, म्हणून माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर दाबून धरायचा. डी फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ते तपासलं, १३.१ (मिग्रॅ/डेसीलिटर) निघालं. साडेदहाच्या वर गेलं की काळजीचं. चार दिवस सलाइन. डी चरबीत साठतं, डोस थांबवला तरी लगेच उतरत नाही.

डी शरीरात ज्याला चिकटून काम करतं, तो रिसेप्टर बनवणारं जनुक म्हणजे व्हीडीआर. जीसी हे जनुक रक्तातून डी वाहून नेणारं प्रथिन बनवतं. यांतले असे बदल धडधाकट माणसांतही सर्रास असतात. त्यांना ऑटिझमशी जोडणारे बरेचसे अभ्यास छोटे, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. शँक३ किंवा सीएचडी८ या जनुकांमधला मोठा बिघाड वेगळा, तिथे ऑटिझमशी नातं पक्कं आहे. डी दिल्याने मुलं सुधारली असं सांगणारा २०१६ चा एक गाजलेला प्रयोग होता. मला पटवायला तोच दाखवला होता. तो पुढे नियतकालिकाने मागे घेतला.

चाचणीवर खर्च करायचाच तर जनुकतज्ज्ञांना विचारून मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते पाहणारी) आणि फ्रॅजाइल एक्सची (एका जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) करा. व्हिटॅमिनच्या जनुकांचे पॅनल विकणाऱ्यांच्या दारात उभ्या राहू नका.

आमच्याकडे नणंदबाईंनी भरल्या घरात म्हटलं होतं, "पोटुशी असताना ही उन्हात गेलीच नाही, म्हणून हे." ऐकून घेतलं मी. २०१९ साली पाच देशांतल्या २० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ऑटिझम होण्याच्या शक्यतेत मुलामुलांत जो फरक असतो, त्यातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. उन्हात बसण्या-न बसण्यावर आईला दोषी ठरवायचा कोणाला काय अधिकार?

हो, गरोदरपणी डी कमी आणि पुढे मुलात ऑटिझमची लक्षणं जास्त, असं काही मोठ्या अभ्यासांत दिसलंय. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आणि रक्तात डी खरंच कमी असेल तर डॉक्टरांच्या मापाने जरूर द्या, हाडांना लागतं. आमची मुलं मोजकंच खातात, घरातच रमतात, त्यामुळे कमी असतंही.

तुमच्या घरी कोणी उन्हाचा विषय काढला तर हा ८० टक्क्यांचा आकडा तिथल्या तिथे सांगा. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं.