सरकारी शाळा नेमकी कशासाठी?

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. अक्षरओळख करून देण्यापलीकडे सरकारी शिक्षणाचा काही हेतू आहे का? आणि तो साध्य का होत नाही?

उत्तर : हेतू साक्षरतेपुरता कधीच नव्हता. महात्मा फुले यांनी 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना, रयतेच्या श्रमातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असा आक्षेप घेऊन किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. म्हणजे मूळ मुद्दा न्यायाचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात असे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देशभरातील मुलांना हा हक्क शिक्षण हक्क कायद्याने मिळण्यास मात्र 2010 साल उजाडावे लागले.

उणीव कायद्याच्या रचनेतही आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक पुरेसे मानले जातात, आणि शाळा पहिली ते चौथीची असेल, तर प्रत्येकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता येतात. त्यातच निवडणूक, जनगणना व आपत्तिनिवारण ही कामे त्यांना देण्याची मुभा कायद्याच्या कलम 27 मध्येच आहे. (अहवाल आणि माहिती भरण्याचे काम वेगळेच!) पालक इंग्रजी माध्यमाच्या मोहाने मुले काढून नेतात, हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे; वर्गात शिक्षक पूर्णवेळ हवा, ही त्यांची अपेक्षा मला रास्त वाटते. आपण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रथम हाच प्रश्न मांडावा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.